थेंबाचा फोटो

मी आजवर काढलेल्या फोटोंपैकी लोकांना सर्वांत आवडलेला फोटो एका नदी सुरयचा आहे. पिवळीधमक चोच सताड उघडी, डोक्यावर काळी टोपी, पंख वर उचललेले आणि पोटाखाली हवेत सुटलेला पाण्याचा एक थेंब. थेंबात ऊन चमकतंय. ‘काय टायमिंग आहे!’ असं कितीतरी जणांनी लिहिलं. टायमिंग वगैरे काही नव्हतं. कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम काढत होता आणि मी बटण दाबून धरलं होतं.

मे महिन्यातला रविवार होता. आम्ही तिघं पहाटे चारला पुण्याहून निघालो आणि उजाडताना कुंभारगावच्या काठावर पोचलो. भिगवण परिसर म्हटलं की बहुतेकांना हिवाळा, रोहित पक्षी आणि पट्टकादंब आठवतात. पण उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली जातं, बुडालेली जमीन उघडी पडते, काठाच्या गाळपेरीत लोक पिकं घेतात आणि मधल्या उघड्या बेटांवर सुरय अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच. खडीमातीत नुसता खळगा आणि त्यात दोन-तीन ठिपक्याठिपक्यांची अंडी. पाय पडेपर्यंत दिसणार नाहीत अशी.

त्याआधीच्या वर्षी मी हेच पक्षी होडीतून टिपले होते. सहाशेची लेन्स लावूनही पक्षी फ्रेममध्ये एवढासा. फोटो ग्रुपवर टाकला तर एका ज्येष्ठांनी तीनच शब्द लिहिले, ‘फ्रेम भरली नाही.’ या तीन शब्दांनी वर्षभर माझा पिच्छा पुरवला.

होडीवाला पंचविशीतला पोरगा. रात्री मासेमारी, सकाळी आमच्यासारखे लोक. बेटावर उतरायचं का, असं त्यानंच विचारलं, असं मी बरेच दिवस सांगत होतो. खरं म्हणजे मीच विचारलं होतं. तो म्हणाला होता, “शक्यतो उतरवत न्हाई साहेब, अंडी हायत तिथं.” त्यावर मी म्हणालो, “दोन मिनिटं रे,” आणि वरचे पैसे किती द्यायचे तेही लगेच सांगून टाकलं. तो काही बोलला नाही. त्यानं बांबू टेकवून होडी वळवली.

मी खळग्यापासून दहा-बारा पावलांवर पालथा झोपलो. खडी इतकी तापली होती की कोपर टेकवेना, म्हणून होडीतलं गोणपाट मागून घेतलं. दोन्ही सुरय डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालत होते, मध्येच सूर मारून टोपीच्या वीतभर वरून जात होते. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. फ्रेम भरत होती!

मग त्यातला एक पाण्याकडे गेला, पोट टेकवून भिजवून आला आणि खळग्याच्या वर फडफडत राहिला. होडीतून पोरगा म्हणाला, “पोट भिजवून आणतीय ती. अंडी गार करायला.” हे मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. आता तो पक्षी उतरेल, ओलं पोट अंड्यांवर टेकवेल आणि ते मी टिपीन, म्हणून मी तसाच पडून राहिलो. पक्षी उतरला नाही. थोडा वेळ फडफडला, पाणी निथळून गेलं, परत पाण्याकडे गेला. असं चार वेळा झालं.

नंतर काठावरच्या घरी चिलापीचं कालवण आणि भाकरी हाणली आणि संध्याकाळपर्यंत पुण्यात परतलो.

रात्री फोटो संगणकावर घेतले. एकूण 212. पहिला 10 वाजून 42 मिनिटांचा, शेवटचा 11 वाजून 9 मिनिटांचा. एकामागून एक पाहत गेलो. एकाही फ्रेममध्ये अंड्यांवर पक्षी नाही. सत्तावीस मिनिटं. त्या उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. थेंबाच्या फ्रेमवर येऊन थांबलो. पोटाची पिसं चिकटलेली, आणि जे पाणी अंड्यांपर्यंत पोचायचं ते हवेत.

तरी तो फोटो मी त्याच रात्री टाकला. वर ‘आईची माया’ असं लिहून. (सुरयचे नर-मादी दिसायला सारखेच. आई होती की बाप, देव जाणे.) घरट्यावरचे फोटो बऱ्याच स्पर्धांमध्ये घेत नाहीत. माझ्या फोटोत घरटं दिसतच नाही, ते फ्रेमच्या खाली राहिलं. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. ज्येष्ठांनी अंगठा दिला.

मोठ्या आकारात छापून तो फोटो मी दिवाणखान्यात लावला, आणि होडीवाल्यालाही पाठवला होता, फोनवर.

जूनमध्ये राहवेना म्हणून त्याला फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, “त्या बेटावरची पिल्लं निघाली का रे?”

“कुठल्या बेटावरची?”

मी सांगितलं.

“ते व्हय. त्याचं काय सांगता येत न्हाई साहेब. तुमच्यानंतर लई लोक येऊन गेलं की तिथं.” तो खुशीत होता. “तुमचा फोटो ठेवलाय ना मी स्टेटसला. लोक फोटो बघूनच फोन करत्यात, आम्हाला ह्योच पायजे म्हणत्यात. औंदा सीजन चांगला गेला. पुढच्या मेला येताय न्हवं?”