ब्रिस्टल ते मेरिडियन: प्रवासाची वही

शुक्रवार, ब्रिस्टल

शार्लटहून अकराला निघालो, ठरले होते आठ. गाडी ताईची, चालवणारही तीच. पेट्रोल 41 डॉलर. दोन सँडविच 23, वर कर, वर टिप. टिप कशाबद्दल? काउंटरवरून ताटली मीच उचलून आणली. मोटेल 92 अधिक कर. चहात दुधाऐवजी पांढरी भुकटी. गुडघा दुखतोय.

ताईला कंट्री म्युझिकचं काडीचं वेड नाही. आयुष्यभर शार्लटमध्ये लोकांचे टॅक्सचे कागद भरले. भाऊ पुण्याहून एवढा आला आहे, तर फिरवून आणू, इतकाच तिचा हेतू. ‘‘तुझ्या त्या रडक्या गाण्यांचं मला काही सांगू नकोस,’’ ही अट निघतानाच घातली.

ब्रिस्टलच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध दोन राज्यांची हद्द आहे. एका फुटपाथवर टेनेसी, समोरच्यावर व्हर्जिनिया. 1927 च्या जुलैअखेरीस व्हिक्टर कंपनीचा राल्फ पिअर रेकॉर्डिंगचं सामान घेऊन इथं आला आणि टोप्या विकणाऱ्या एका कंपनीच्या इमारतीत त्यानं तात्पुरता स्टुडिओ थाटला. 25 जुलै ते 5 ऑगस्ट, एकोणीस कलाकार आणि ताफे, 76 रेकॉर्डिंग. त्यातच कार्टर कुटुंब, त्यातच जिमी रॉजर्स. ती इमारत आता नाही. पाटी आहे, आणि जवळच 2014 साली उघडलेलं संग्रहालय. मी तिथं तीन तास काढले, ताईनं दीड तासात सगळं पाहून बाकडं गाठलं.

बाहेर आल्यावर तिचा पहिला प्रश्न: ‘‘पैसे कुणाला मिळाले?’’

कार्टरांना गाण्यामागे पन्नास डॉलर. गाणी सहा. रॉजर्सला दोन गाण्यांचे शंभर. ‘‘आणि त्या पिअरला?’’ पिअरनं कंपनीकडून पगार मागितलाच नव्हता. गाण्यांचे प्रकाशनहक्क तेवढे स्वतःकडे ठेवले होते. ताई चालता चालता थांबली. ‘‘पगार नको, हक्क द्या! 1927 साली!’’ दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला.

शनिवार, हिल्टन्स

आज उशिरापर्यंत लिहिणार. ताई झोपली आहे.

ब्रिस्टलपासून अर्ध्या-पाऊण तासावर क्लिंच डोंगराच्या पायथ्याला मेसेस स्प्रिंग. ए. पी. कार्टर, त्याची बायको सेरा आणि सेराची मावसबहीण मेबेल इथून त्या जुलैअखेरीस ब्रिस्टलला गेले. मेबेलला दिवस भरत आले होते, तिचं वय अठरा. रस्ते कच्चे, वाटेत टायर बसला. आम्ही तोच पल्ला एसी लावून केला आणि तरी मी गुडघ्याची तक्रार केली, हे ताईनं लक्षात आणून दिलं.

ए. पी.नं म्हातारपणी चालवलेलं किराणा दुकान आता संग्रहालय झालंय. शेजारी लाकडी कोठारासारखं मोठं सभागृह, कार्टर फोल्ड. त्याची मुलगी जॅनेट हिनं बापाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून 1974 साली दर शनिवारी गाण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो चालूच आहे. दारू नाही. विजेवरची वाद्यं नाहीत. अपवाद घरच्या जावयाचा, जॉनी कॅशचा. 2003 च्या मे महिन्यात त्याची बायको जून, म्हणजे मेबेलची मुलगी, वारली. जुलैत तो इथं येऊन गायला, ते त्याचं शेवटचं जाहीर गाणं. सप्टेंबरात गेला.

तिकिटं दोन. उकडलेला राजमा आणि मक्याचा ब्रेड, प्रत्येकी एक वाडगा. राजम्यात मीठ आणि डुकराची चरबी, बाकी काही नाही. ताईनं पर्समधून लाल तिखटाची पुडी काढली. ही बाई इतकी वर्षं अमेरिकेत राहून तिखटाशिवाय घराबाहेर पडत नाही.

स्टेजसमोर नाचायला मोकळी जागा. फिडल सुरू झाली की माणसं उठून तिथं जातात, बुटांना लोखंडी पत्रे ठोकलेले. कमरेच्या वर शरीर जवळजवळ स्थिर, सगळं काम पायांचं. आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते, ऐंशीच्या पुढचे, कोळशाच्या खाणीत हयात घालवलेले. प्रत्येक तिसऱ्या गाण्याला उठायचे, नाचून यायचे, धापा टाकत बसायचे आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे सुरू करायचे. त्यांच्या आजीच्या घरात फिडल म्हणजे सैतानाचं वाद्य. कोठारात लपवून वाजवावी लागे. मेबेलची गिटार कशी वाजते ते त्यांनी माझ्या पाठीवर बोटांनी वाजवून दाखवलं: अंगठा खालच्या तारांवर चाल वाजवतो, बाकीची बोटं वरच्या तारा घासून ठेका धरतात. एकाच हातात गाणं आणि साथ. मेबेलच्या आधी गिटार बहुतेक मागे उभी राहायची.

मी विचारलं, लेस्ली रिडलबद्दल काही ऐकलंय? आजोबांनी मान डोलावली, पण तेवढ्यात फिडल लागली आणि ते उठले.

म्हणून मीच ताईला सांगितलं. रिडल किंग्सपोर्टकडचा कृष्णवर्णीय गिटारवादक. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला. ए. पी. गाणी गोळा करत डोंगरातल्या घराघरांतून फिरायचा तेव्हा रिडल बरोबर असायचा. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात साठवून आणायचा. मेबेलनंही त्याच्याकडून काही उचललं. रेकॉर्डवर नाव छापलं गेलं ए. पी. कार्टरचं. रिडल पुढे रॉचेस्टरला गेला, संगीत सुटलं. साठच्या दशकात लोकगायक माइक सीगर त्याला शोधत तिथं पोचला.

‘‘म्हणजे चालता फिरता टेपरेकॉर्डर,’’ ताई म्हणाली. ‘‘आणि पैसे?’’

मी गप्प.

आजोबा परत आले ते थेट रॉजर्सच्या यॉडलिंगवर घसरले. मी म्हटलं, आमच्याकडेही एक आहे. किशोरकुमारनं यॉडलिंग उचललं ते घरातल्या रेकॉर्ड ऐकून आणि त्यात जिमी रॉजर्स होता, असं सांगतात. मध्यंतरात त्यांना फोनवर ‘झुमरू’चं शीर्षकगीत ऐकवलं. फोन कानाला लावून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘याला क्षयरोग नव्हता, हे कळतं.’’ रॉजर्सला होता. ‘टीबी ब्लूज’ नावाचं गाणंच आहे त्याचं.

खर्च नंतर लिहीन.

रविवार, रस्ता

सुमारे तीनशे मैल. पेट्रोल 46. पाऊस. रस्त्याचं काम, एक तास खोळंबा. वाटेत घड्याळ एक तास मागे, म्हणून ताई म्हणते खोळंबा धरायचाच नाही. मोटेल 139, कारण नॅशव्हिल. पार्किंग 30, रात्रीचे! चहा तसाच.

सोमवार, नॅशव्हिल

कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम. 1961 साली पहिले तिघे निवडले: जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि गीतकार-प्रकाशक फ्रेड रोझ. तिघांत एक प्रकाशक, हे ताईला अगदी रास्त वाटलं.

मेबेलची 1928 ची गिब्सन एल-5 गिटार काचेमागे आहे. तेव्हाची किंमत 275 डॉलर, म्हणजे ब्रिस्टलला साडेपाच गाण्यांना मिळाले तेवढे. हा हिशेब माझा नाही.

वेब पिअर्सची 1962 ची पाँटिअॅक पाहून ताई प्रथमच मोठ्यानं हसली. दारांच्या मुठींच्या जागी पिस्तुलं, आत चांदीचे डॉलर ठोकलेले. सजावट नूडी कोनची. कीव्हमध्ये जन्मलेला हा शिंपी. काउबॉय गायकांचे चमचमणारे सूट त्यानंच शिवले. मला ती गाडी आवडत नाही. पिअर्सचा आवाज आवडतो, आणि ‘स्लोली’मधली 1954 ची ती पेडल स्टील गिटारही. पट्टी सरकवत सूर ओढायची ही चाल हवाईतून निघाली. तिचीच दुसरी शाखा व्हॅन शिप्लेच्या हातून आपल्या हिंदी गाण्यांत पोचली.

मंगळवार, नॅशव्हिल

सकाळी रायमन ऑडिटोरियम. 1892 साली प्रार्थनागृह म्हणून बांधलं. बोटींचा धंदा करणारा कॅप्टन टॉम रायमन एका धर्मोपदेशकाचं भाषण ऐकून बदलला, आणि हे उभं राहिलं. बाकं चर्चची, म्हणजे पाठीला निर्दय. 1943 ते 1974 ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओवरचा गाण्याचा कार्यक्रम इथंच होई, एअर कंडिशनिंगशिवाय. मागच्या गल्लीत टूट्सीचा बार. कलाकार दोन गाण्यांच्या मध्ये गल्ली ओलांडून तिथं जात.

संध्याकाळी नवीन ऑप्री हाउस. स्टेजच्या मध्यात रायमनच्या जुन्या स्टेजमधून कापून आणलेलं लाकडाचं वर्तुळ आहे. 2010 च्या पुरात स्टेज पाण्याखाली गेलं, वर्तुळ वाचलं. कार्यक्रम रेडिओवर अजूनही थेट जातो, निवेदक मधेमधे जाहिराती वाचून दाखवतो. ज्या गोष्टीनं पुण्यात माझा संताप होतो तीच इथं मला गोड वाटत होती. ऑप्री सुरूच मुळी एका विमा कंपनीच्या रेडिओवर झालं, 28 नोव्हेंबर 1925 ला, सत्त्याहत्तर वर्षांच्या फिडलवाल्या अंकल जिमी थॉम्सनपासून. त्या रेडिओच्या नावातली डब्ल्यूएसएम ही अक्षरं कंपनीच्या घोषवाक्याची: लाखोंचं रक्षण करतो. ताई म्हणाली, विमा एजंटाला दारात उभं करून घ्यायला याहून चांगली युक्ती नाही.

पण मला लिहायचंय डीफोर्ड बेलीबद्दल. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव 1927 मध्ये निवेदक जॉर्ज हेच्या तोंडून निघालं, तेव्हा समोर माऊथ ऑर्गनवर आगगाडी वाजवत होता तो बेली. कृष्णवर्णीय, पोलिओमुळे पाठ वाकलेली, ऑप्रीच्या पहिल्या लोकप्रिय कलाकारांतला. दौऱ्यावर सहकारी गोरे हॉटेलात आणि त्याच्यासाठी खोली शोधावी लागे. 1941 मध्ये काढून टाकला. गाण्यांच्या हक्कांवरून रेडिओ आणि संगीतसंस्थांचं भांडण चालू होतं, त्याच्या गाजलेल्या चाली वाजवायला बंदी, आणि वर ठपका असा की हा नवीन काही शिकत नाही. पुढे त्यानं नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. 1982 साली गेला. हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं 2005 साली.

काल तिथं ताईनं त्याची पाटी वाचली होती, मी गिटारीत गुंतलो होतो. आज गाडीत तिनं एकच सांगितलं: ‘‘दुकान तरी स्वतःचं होतं.’’

बुधवार, नॅशव्हिल

गुडघा. पाऊस. ब्रॉडवेवर प्रत्येक दारातून वेगळा बँड आणि लग्नाआधीची मौज करायला आलेल्या गुलाबी टोप्यांतल्या मुलींचे तांडे. बँडसमोर बादली ठेवलेली. बारमध्ये शिरायला पैसे नाहीत, वाजवणाऱ्यांची बरीचशी कमाई त्या बादलीतून. ताईनं पाचाची नोट टाकली, मग परत जाऊन आणखी एक.

आरसीए स्टुडिओ बी पाहिला. डॉली पार्टन उशीर झाला म्हणून घाईत आली आणि गाडी भिंतीवर आदळली, ती खूण दाखवतात. जेवण बेचव. झोपतो.

गुरुवार, कॅमडेन

नॅशव्हिलच्या पश्चिमेला दीड तास. रानात एक दगड. 5 मार्च 1963 ला पॅट्सी क्लाइनचं छोटं विमान इथं कोसळलं. बरोबर गायक काउबॉय कोपास, हॉकशॉ हॉकिन्स आणि विमान चालवणारा तिचा मॅनेजर रँडी ह्यूझ. ती तीस वर्षांची होती. ‘क्रेझी’ तिनं 1961 मध्ये गायलं ते मोटार अपघातातून उठून; बरगड्या दुखत होत्या म्हणून वरचे सूर पहिल्या दिवशी लागेनात, आवाज नंतर वेगळा ध्वनिमुद्रित केला.

ते गाणं लिहिणारा विली नेल्सन त्याआधी इतका कडका होता की ‘फॅमिली बायबल’ हे गाणं त्यानं पन्नास डॉलरला विकून टाकलं. ताईनं गाडी बाजूला घेतली. ‘‘विकलं म्हणजे नावासकट?’’ नावासकट. पुढचे वीस मैल ती माझ्याशी बोलली नाही, जणू सही मीच केली होती.

पॅट्सीनंतर दुसऱ्याच वर्षी, 31 जुलै 1964 ला, जिम रीव्हज नॅशव्हिलजवळ असाच गेला, विमान स्वतः चालवत. ते ठिकाण पाहायला मी गेलो नाही. या संगीतात मी शिरलो तो रीव्हजमुळे. वांद्र्याला मावशीच्या शेजारी गोव्याचं कुटुंब होतं, डिसेंबर लागला की त्यांच्या रेडिओग्रामवर रीव्हजची नाताळची रेकॉर्ड. माइकला ओठ टेकवून, कुजबुजल्यासारखं गाणारा माणूस. फिडल नाही, स्टील गिटार नाही, मागे व्हायोलिनांची साय. चेट अॅटकिन्ससारख्या निर्मात्यांनी हा नॅशव्हिल साउंड घडवला तो शहरातल्या गिऱ्हाइकासाठी, हे आता कळतं. जुने रसिक त्याला नाकं मुरडतात. मुरडोत.

शुक्रवार, माँटगमेरी

सव्वाचार तास. पेट्रोल 43.

हँक विल्यम्सची कबर टेकडीवर, पायथ्याशी संगमरवरी टोपी. भोवती हिरवळ खोटी, प्लास्टिकची. खरं गवत चाहते उपटून न्यायचे. 1 जानेवारी 1953 ला ओहायोतल्या कार्यक्रमाला जाताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर तो मेला. वय 29. चालवणारा कॉलेजातला पोरगा. वेस्ट व्हर्जिनियात ओक हिलला पोचल्यावर सगळं उघड झालं. आदल्या ऑगस्टमध्ये ऑप्रीनं पिण्यापायी हाकलला होता. चार जानेवारीला इथल्या सभागृहात अंत्यविधी झाला तेव्हा कृष्णवर्णीय चाहते बाल्कनीत बसले, खाली बसायची मुभा नव्हती.

त्याला रस्त्यावर गिटार शिकवली रूफस पेननं. लोक त्याला टी-टॉट म्हणत. हँकची आई शिकवणीच्या बदल्यात त्याला जेवू घालायची, असं सांगतात. तो 1939 साली याच शहरात वारला. पुरला लिंकन कबरस्तानात, पण नेमका कुठं ते सांगता येत नाही. स्मरणशिळा मात्र आहे. ताईनं न विचारता गाडी तिकडे वळवली. उतरलो, ऊन भयंकर, पाचेक मिनिटं थांबलो. ‘‘एक वेळचं जेवण,’’ ती म्हणाली, ‘‘हे कुठल्या रकान्यात धरू?’’

शनिवार, मेरिडियन

सेल्मावरून आलो. रॉजर्सची कबर. रेल्वेत ब्रेक लावणारा, क्षयानं नोकरी सुटली म्हणून गाण्यात आला. मे 1933 मध्ये न्यूयॉर्कला शेवटचं ध्वनिमुद्रण केलं, दोन गाण्यांच्या मध्ये खाटेवर आडवा होत. 26 तारखेला तिथल्याच हॉटेलात मेला, पस्तीसाव्या वर्षी. पैशाची गरज होती. टेक्सासमध्ये बांधलेलं घर आधीच विकावं लागलं होतं.

परतताना गाडीत ‘ब्लू यॉडल नंबर नाइन’ लावलं. 1930, लॉस एंजेलिस. मागे ट्रंपेट लुई आर्मस्ट्राँगचा, पियानो त्याच्या बायकोचा, लिलचा. लेबलवर दोघांचंही नाव नव्हतं.

‘‘आर्मस्ट्राँगचंसुद्धा?’’

‘‘त्याचंसुद्धा.’’

तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. तिसऱ्यांदा ट्रंपेट लागला तेव्हा म्हणाली, हा गाणाऱ्याला चुकवत चुकवत नेतोय, आणि गाणारा मापात बसत नाही तरी पडतही नाही. रॉजर्स मात्रांचा हिशेब कधीच धड ठेवत नसे, हे सांगणार होतो. नाही सांगितलं.

मोटेल 84. पेट्रोल 39. कॅटफिश आणि मक्याचे तळलेले गोळे, दोघांत 31. उत्तम होते.