नाचोज, काकू आणि सर्व्हिस चार्ज

पगार झाला आणि शनिवार जवळ आला, की ऑफिसच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, 'या वेळी कुठे?' सावजी झालं, बार्बेक्यू झालं, चायनीज तर कोपऱ्यावरही मिळतं. मग कुणीतरी 'मेक्सिकन!' टाकतं आणि धडाधड अंगठे येतात. भिंतीवर भल्यामोठ्या टोप्या, टेबलावर रंगीबेरंगी सॉसच्या बाटल्या, आणि लाईट इतका मंद की मेनूकार्ड वाचायला मोबाईलचा टॉर्च लावावा लागतो. एकदम हटके!

खरं तर आपण वैदर्भीयांनी मेक्सिकोला बिचकायचं काही कारणच नाही. मिरची, मका, टोमॅटो ही सगळी मंडळी मूळची तिकडचीच. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली आणि आपण तिला अशी काही आपलीशी केली, की आज भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. टॉर्टिया म्हणजे काय, तर मूळच्या पद्धतीत मका चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, वाटायचा आणि पातळ भाकर थापायची. साल्सा म्हणजे कांदा-टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी. बिचकवतात ती फक्त नावं. लिहिलेलं असतं 'जे'ने आणि म्हणायचं असतं 'हालापेन्यो'! आणि नेमकं इथेच वेटरचं काम सुरू होतं.

मागच्या दिवाळीनंतर आई मौद्याहून माझ्याकडे आली होती. मौदा म्हणजे भंडारा रोडवरचं, कन्हान नदीकाठचं आमचं गाव. नागपूरहून जेमतेम तासाभराचा रस्ता. तिला म्हटलं, चल, आज काहीतरी वेगळं खाऊ. नागपुरातल्या अशाच एका जोरात चाललेल्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये गेलो. नाव राहू द्या.

टॅब घेऊन कॅप्टन आला. आईनं विचारलं, ''बेटा, यात काय काय असते?'' त्यानं उत्तर दिलं ते मला, आणि फाडफाड इंग्लिशमध्ये. वर, ''मॅमना स्पाइसी चालेल ना?'' हेही मलाच विचारलं. मिरच्या तोडण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, तिच्याबद्दल! आईनं मेनूकार्ड मिटलं आणि म्हणाली, ''तूच सांग काय सांगायचं ते.''

तेवढ्यात पाणी भरायला आलेला पोरगा हळूच म्हणाला, ''काकू, हे घ्या. मक्याची पातळ पोळी, आत राजमा, वरून चीज. तिखट तुम्ही म्हणाल तसं करून आणतो.''

''मग भाकरच म्हण नं!'' आई खळखळून हसली. पोरगा भंडाऱ्याकडचा निघाला. मग काय, धानाचं पीक कसं आहे इथपर्यंत चौकशी झाली. आईनं कार्ड पुन्हा उघडलं आणि बोट ठेवून स्वतःची ऑर्डर स्वतः दिली.

पाच मिनिटांनी काउंटरजवळून आवाज आला, ''गेस्टशी इंग्लिशमध्येच बोलायचं, किती वेळा सांगितलं?'' पोरगा परत आला तेव्हा मान खाली घालून नुसताच ग्लास भरत होता. माझं डोकं सटकलं. पण माझ्याआधी आईच कॅप्टनला म्हणाली, ''साहेब, त्या पोरानं सांगितलं म्हणून तर जेवली मी.'' कॅप्टनकडे याला ना मराठीत उत्तर होतं, ना इंग्लिशमध्ये.

बिल आलं. खाली 10 टक्के सर्व्हिस चार्ज! आता जरा कामाचं ऐका. बहुतेक रेस्टॉरंटमध्ये लागणारा 5 टक्के जीएसटी हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजीच सांगून टाकलंय, की तो बिलात आपोआप लावता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयानंही 28 मार्च 2025 रोजी हे नियम उचलून धरले. नको असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर फोन लावा. मी काढायला सांगितला. कपाळावर आठ्या आल्या, पण निघाला. तेवढेच पैसे आम्ही त्या पोराच्या हातात दिले. सर्व्हिस त्यानं दिली होती, चार्ज दुसऱ्यानं का घ्यावा?

जाता जाता नाचोजची गोष्ट सांगते. 1940 च्या दशकातली. मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेलगत पिएद्रास नेग्रास नावाचं गाव आहे. तिथल्या एका क्लबात काही अमेरिकन बायका जेवायला आल्या आणि स्वयंपाकी जागेवर नाही! पाहुण्यांची सरबराई बघणारा इग्नासिओ अनाया स्वतः किचनमध्ये शिरला. टॉर्टियाचे तळलेले तुकडे, त्यावर चीज, वर हालापेन्योच्या चकत्या, की झाली डिश तयार. इग्नासिओचं लाडाचं नाव होतं 'नाचो'. म्हणजे बघा, जगभर खाल्ल्या जाणाऱ्या या डिशला नाव मिळालं ते आलेल्या पाहुण्याला उपाशी न पाठवणाऱ्या एका माणसाचं.

तेव्हा बॉस, पुढच्या वेळी अ‍ॅम्बियन्सला पाच स्टार देण्याआधी एवढंच बघा, की टेबलावरच्या सगळ्यात बुजलेल्या माणसाला कुणी 'तुम्हाला काय हवं?' असं विचारलं का. तेही त्याला कळेल अशा भाषेत!