पौंडामागे तीन पेनी

परदेशी गेलेला माणूस परत येताना काय आणतो, हे सर्वांना ठाऊक आहे. चॉकलेटे, अत्तराच्या कुप्या आणि राणीच्या राजवाड्यापुढे ताठ उभे राहून काढलेली छायाचित्रे! मी मात्र एका घड्याळाची आठवण घेऊन आलो. तीही बिग बेनची नव्हे. दक्षिण वेल्समधल्या ट्रेडेगर नावाच्या गावातल्या घड्याळाची.

माझा भाचा कार्डिफला डॉक्टर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. भरबाजारात एक पुतळा दिसला, तेव्हा सहज विचारले, “हा कोण रे?”

“हा आमचा अन्नदाता, मामा!” तो हसून म्हणाला, “अन्यूरिन बेव्हन. उद्या त्याच्या गावाला जाऊ.”

दुसऱ्या दिवशी मोटारीने निघालो. पाऊस असा, की मला श्रावणातला मावळच आठवला. तेच ओले डोंगर, तेच खाली उतरलेले ढग. सिरहोवी नदीच्या त्या अरुंद खोऱ्यात उतारावर कामगारांच्या घरांच्या लांबच लांब रांगा दिसतात. कोळशाच्या खाणी केव्हाच बंद झाल्या. घरे तेवढी उरली.

गावाच्या मधोमध एक वाटोळा चौक आहे. त्याला ‘सर्कल’ म्हणतात. तिथे १८५८ साली उभारलेला बहात्तर फुटांचा लोखंडी घड्याळाचा मनोरा आहे. पण मला पाहायचे होते ते समोरचे दहा नंबरचे घर. १८९० साली स्थापन झालेल्या कामगारांच्या वैद्यकीय साहाय्य सोसायटीची कचेरी इथे होती.

तिचा कारभार अगदी साधा होता. पगारातल्या दर पौंडामागे तीन पेनी कापून घ्यायच्या. तेव्हा पौंडाच्या पेनी दोनशे चाळीस. म्हणजे मिळकतीचा ऐंशीवा हिस्सा. त्या वर्गणीतून सोसायटी डॉक्टर नेमी, औषधे देई, इस्पितळ चालवी. गावातली बहुतेक कुटुंबे तिची सभासद होती. ए. जे. क्रोनिन हा कादंबरीकार १९२० नंतरच्या काळात इथे डॉक्टर होता. त्याच्या ‘द सिटाडेल’वर आपल्याकडे १९७१ मध्ये ‘तेरे मेरे सपने’ हा चित्रपट निघाला. पडद्यावरच्या त्या खाणीच्या गावामागे हे गाव उभे होते, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते!

बेव्हन १८९७ साली इथेच जन्मला आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरला. त्याचे वडीलही खाणकामगार. कोळशाच्या धुळीने छाती पोखरून १९२५ साली ते गेले. नुकसानभरपाई मिळाली नाही.

हे ऐकताना मी त्या मनोऱ्यापाशी जरा थबकलो. मला माझे वडील आठवले. शाळामास्तर माणूस. छातीत कळ आली म्हणून रात्री त्यांना इस्पितळात नेले, तर खिडकीतल्या गृहस्थाने मान वर न करता अनामत रक्कम सांगितली. सकाळी आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. वडील वाचले, पण पुढे दहा वर्षे आईचे हात पाहिले की ते मान खाली घालीत. वाचकहो, असा एखादा दागिना आपल्यापैकी किती घरांतून गेला असेल!

मग मनात आले, की ट्रेडेगरसारखी सोसायटी गावोगावी का निघू नये? भाच्याने एका वाक्यात उत्तर दिले, “मामा, जिथे खाण नाही, पगार नाही, तिथे पौंडामागे तीन पेनी कोण कापणार?”

खरेच. शेजाऱ्यांनी एकमेकांना धरून एक गाव तरते. देश तरत नाही. आणि आजाऱ्यांची युनियन नसते. माणूस बरा झाला की दुखणे विसरतो आणि बरा झाला नाही तर बोलायला उरत नाही. त्याचे गाऱ्हाणे पाच वर्षे लक्षात ठेवील, कायदेमंडळात त्यासाठी भांडेल, असा पक्षच लागतो. १९४५ साली मजूर पक्ष निवडून आला. बेव्हन आरोग्यमंत्री झाला. विरोधकांनी विधेयकाविरुद्ध मते दिली, डॉक्टरांच्या संघटनेने दंड थोपटले. बड्या तज्ज्ञांना खासगी रोगी पाहण्याची मुभा देऊन त्याने वाट काढली आणि ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. खर्च करातून, रोग्याने दारात पैसे मोजायचे नाहीत. १९५१ साली विरोधक सत्तेवर आले. पण त्यांनी ती मोडली नाही. लोकांच्या अंगवळणी पडलेली चांगली गोष्ट मोडण्याची छाती कोणाला होणार?

त्याच वर्षी, मजूर पक्ष अजून सत्तेवर असताना, त्याच्याच सरकारने कवळ्या व चष्म्यांवर आकार बसवायचे ठरवले. बेव्हनने मंत्रिपद सोडले. पक्षाने गोष्ट हाती घेतली तरी पक्षावर डोळा ठेवावा लागतो, तो असा.

“सगळे आलबेल आहे ना?” मी विचारले.

“छे! रांगा लांब आहेत. महिनोन्‌महिने थांबावे लागते, लोक चिडतात. पण मामा, पेशंटच्या हातात बिल ठेवण्याची पाळी इथे माझ्यावर आलेली नाही.”

परतताना गावाबाहेरच्या माळावर थांबलो. बेव्हन जिथे भाषणे करी तिथे चार शिळा उभ्या आहेत. एक मोठी त्याची आणि तीन त्याच्या मतदारसंघातल्या गावांच्या. वारा छत्री धरू देत नव्हता. मला एकाएकी नाशिक आठवले. तिथे जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्येच, म्हणजे ब्रिटनमध्ये कायदा झाला त्याच वर्षी, आपल्या देशासाठी लिहून ठेवले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये.

आराखडा आपल्याकडेही होता. नव्हता तो त्यासाठी हट्ट धरून बसणारा पक्ष. आज विम्याची कार्डे निघाली आहेत, इस्पितळात पडलेल्यांना त्यांचा आधारही होतो. पण रोजच्या औषधाची चिठ्ठी बहुधा खिशातूनच भागवावी लागते.

आता निवडणुकीत मत मागायला कोणी दारी आले, की मी चहा देतो आणि एकच प्रश्न विचारतो, “इस्पितळाच्या त्या खिडकीचे काय करणार?” अजून कोणी धड उत्तर दिलेले नाही. पण प्रश्न ऐकून आई आतून डोकावते, तिचे हात पदराआड असतात.