कोटवाराची दवंडी

नवा रायपुरात पोस्टिंग आलं तेव्हा बायकोने पहिला प्रश्न विचारला, "तिथे माणसं राहतात ना?" रस्ते एवढे रुंद आणि इतके मोकळे, की पहिले काही दिवस मलाही शंका येत होती. मग कळलं की माणसं बघायची तर शहराच्या बाहेर पडायचं. आरंगवरून महानदी ओलांडायची, कुहरी मोडला हायवे सोडायचा, आणि दीड तासात सिरपूर.

सिरपूर म्हणजे एके काळचं श्रीपूर, दक्षिण कोसलाची राजधानी. आज महासमुंद जिल्ह्यातलं नदीकाठचं खेडं. मराठी वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1953 ते 1956 या काळात सागर विद्यापीठातर्फे इथे उत्खनन केलं ते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. हेच दीक्षित 1945-46 मध्ये सांकलियांबरोबर कोल्हापूरची ब्रह्मपुरी खणत होते. त्यांनी सिरपूरचे बौद्ध विहार मातीतून वर काढले, आणि त्या मातीवर गाव आपलं भात पिकवत राहिलं.

दोनदा मी इथे पाहुणा म्हणून आलो होतो. तिसऱ्यांदा आलो तो कामाने. महासमुंदला माजी सैनिकांसाठी शिबिर ठेवलं होतं: पेन्शनची कागदपत्रं, स्पर्शवरची दुरुस्ती आणि मुख्य म्हणजे हयातीचा दाखला. हा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो, नाहीतर पेन्शन अडकते. आमच्या हेडक्लार्कने सगळ्यांना व्हॉट्सॲपवर निरोप धाडले होते आणि कुणाकुणाला पोचले याची यादी केली होती. सिरपूरच्या बाजूच्या एका नावापुढे काहीच खूण नव्हती. एका शिपायाची विधवा, वय ऐंशीच्या घरात. नंबर मुलाचा, आणि मुलगा फोनसकट वीटभट्टीवर, परराज्यात. या जिल्ह्यातून भात कापून झाला की माणसं भट्ट्यांवर जातात. घराचा एकुलता फोनही त्यांच्याबरोबर जातो. दाखल्याची मुदत महिनाअखेर संपत होती.

पंचायतीच्या भिंतीवर नोटिसा भरपूर होत्या. लसीकरण कधी, रेशनचा तांदूळ कधी, रोजगार हमीची यादी, माघ पौर्णिमेच्या मेळ्यासाठी दुकानांच्या जागा. मी आमची नोटीस त्यांच्या शेजारी चिकटवायला काढली, तर खाकी कपड्यातला एक म्हातारा हसला. "साहब, ये सब पढ़ता कौन है?" तो गावचा कोटवार. आपल्याकडचा कोतवाल, तसा इकडचा कोटवार. गावात काही सांगायचं तर त्याने मुनादी करायची, म्हणजे आपली दवंडी.

संध्याकाळी, माणसं शेतातून परतल्यावर, तो डबा बडवत निघाला. मी दहा पावलं मागे. "सुनव गा सुनव! बुधवार के महासमुंद म फौजी पेंसन के कैंप हे! आधार धर के जाहू!" प्रत्येक वळणावर तेच शब्द, तोच ताल. एका ओट्यावरून विचारणा झाली, रेशनवाल्यांनी पण जायचं का? त्याने तिथेच मजकुरात दुरुस्ती केली: "रासन वाले मन झन जाहू!" एनडीएत आम्हाला आदेश लिहिण्याचे कितीतरी तास घेतले होते. प्रश्न कानावर पडताच आदेश सुधारणारा माणूस मात्र मी इथे पाहिला. (त्याचं मानधन किती हे विचारलं, तेव्हा तोही हसला. आकडा लिहीत नाही.)

लक्ष्मण मंदिराजवळून गेलो तेव्हा उजेड जवळजवळ संपला होता. पातळ विटांचं हे देऊळ खरं विष्णूचं. बांधलं वासटा राणीने, महाशिवगुप्त बालार्जुनाच्या आईने, नवरा हर्षगुप्त गेल्यावर त्याच्यासाठी. सातव्या शतकाच्या आसपासची गोष्ट. तिचा शिलालेख आता रायपूरच्या संग्रहालयात आहे. त्याचा अनुवाद वाचताना मला मौज वाटली होती. आधी राजघराण्याची भरपूर स्तुती, आणि मग थेट स्टँडिंग ऑर्डर! देवळाला कोणती गावं दिली, उत्पन्नातून अन्नसत्र चालवायचं, डागडुजी करायची, सेवक पोसायचे. ब्राह्मणांचे वाटे त्यांच्या मुलांना मिळतील, पण मुलगा शिकलेला हवा, जुगारी नको. वाटा विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही. नवरा गेलेल्या बाईने बसून एवढं सगळं ठरवलं, आणि ते पुढच्यांना कळावं म्हणून दगडावर कोरून घेतलं. ही एका परीने गावची नोटीसच.

दाई सापडली ती त्याच वाटेवरच्या शेवटच्या घरात. दवंडी तिने ऐकली होती, पण आपल्यासाठी आहे असं तिला वाटलंच नव्हतं. "फौजी तर ते होते. मी कुठे फौजी?" असं काहीसं ती छत्तीसगढीत म्हणाली. कोटवाराने तिला दोनदा समजावलं. मग ती आत गेली आणि पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पेन्शनचं पुस्तक घेऊन आली. पुस्तकाबरोबर नवऱ्याचं एक मेडल पण होतं. ते तिने माझ्या हातात दिलं नाही, नुसतं दाखवलं.

बुधवारी कोटवारच तिला बसने घेऊन आला. मशीनवर अंगठा काही उमटेना. आयुष्यभर रोपं लावून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. डावा झाला, उजवा झाला, बोटं पुसून झाली. शेवटी आमच्या एका पोरसवदा हवालदाराने मोबाइल काढला, चेहऱ्यावरून ओळख पटवणारं ॲप उघडलं आणि म्हणाला, "दाई, कॅमेऱ्याकडे बघ आणि डोळे मिचकाव." तिने पदर सावरला, केस मागे केले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "आता उघड!" तीन प्रयत्नांत झालं. पावतीचा कागद तिने उलटसुलट करून पाहिला, घडी घालून त्याच पिशवीत ठेवला.

निघताना तिने मला विचारलं, पुन्नीच्या मेळ्याला येणार का? मी म्हटलं, तारीख कळवा. ती कोटवाराकडे बोट दाखवत म्हणाली, "ये बताही."