राशोलच्या टेकडीवर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मला गोव्यास जाण्याचा योग आला. काम धर्मप्रांताचे होते. ते दोन दिवसांत उरकले आणि तिसरा दिवस मोकळा मिळाला. सोबतच्या धर्मगुरूंनी जुन्या गोव्यास जाऊन संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या अवशेषांचे दर्शन घेण्याचे ठरविले. मी मात्र मडगावहून राशोलची वाट धरली. माझ्या पिशवीत एक वही होती. तीत १७ ओव्या लिहिलेल्या होत्या, आणि त्या १७ ओव्यांपुढे दोन वर्षे माझी लेखणी तसूभरही सरकली नव्हती.

ही वही कशी जन्मास आली ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या धर्मग्रामात एक वृद्ध आजी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. तथापि वाड्यावरील जपमाळेची प्रार्थना त्यांच्या आवाजावाचून सुरू होत नाही. चार वर्षांपूर्वी शुभ शुक्रवारी क्रुसाची वाट संपल्यावर त्यांनी मला देवळाच्या पायरीवरच अडविले. म्हणाल्या, “फादर, आमी जात्यावर बसून सीतेच्या वनवासाची गाणी म्हणत होतो, शेजारणीकडनं शिकलेली. प्रभूच्या मरणाचं गाणं आमच्या बोलीत न्हाई. तुमी एवढं शिकल्यासा, तुमी का करत न्हाई वो?”

मी तत्काळ होकार दिला. सेमिनरीत असताना मी कविता लिहीत असे, आणि आपणास ते सहज साधेल असा माझा समज होता. शेवटच्या भोजनापासून आरंभ करून गेथसेमनीच्या बागेपर्यंत पोचलो आणि तेथे थांबलो. लिहिलेले एका संपादकांकडे पाठविले. त्यांनी “भाषा प्रौढ आहे, परंतु जिवंत नाही” एवढेच लिहून परत केले. राग आला. राग ओसरल्यावर ते खरे आहे हेही कळले, आणि मग तर लिहिणे पुरतेच थांबले. प्रत्येक उपवासकाळात आजी विचारीत, “ह्या वर्साला तरी हुईल काय?” आणि मी कामांची सबब सांगत असे. धर्मगुरूला कामांची सबब कधी कमी पडत नाही.

म्हणून राशोल. ज्या टेकडीवरून मराठीतील सर्वांत मोठे ख्रिस्ती काव्य छापून बाहेर पडले, तेथे एकदा उभे राहावे, एवढीच इच्छा होती.

मडगावपासून राशोल फार दूर नाही. राय गाव मागे पडले की भाताची खाचरे लागतात. त्या दिवसांत पीक कंबरभर वाढलेले, पावसाची एखादी सर येऊन जाणारी, आणि बांधावर बगळे. पुढे जुन्या किल्ल्याची कमान लागते. किल्ला म्हणून आता फारसे काही उरलेले नाही. कमानीवर शेवाळ चढले आहे. तेथून वर गेले की टेकडीवर सेमिनरीची ती विस्तीर्ण इमारत दिसते. १६०६ साली येशूसंघाने येथे आपल्या महाविद्यालयाचा पाया घातला, आणि आज ती गोव्याच्या धर्मप्रांताची सेमिनरी आहे. जाड भिंती, लांबच लांब ओसऱ्या, थंडगार फरशी. मी गेलो तेव्हा विद्यार्थी वर्गात होते. एका तरुण विद्यार्थ्याने मोठ्या अगत्याने मला आत फिरविले. छापखाना कोठे होता असे मी विचारले. तो हसला व म्हणाला, “फादर, येणारा प्रत्येक जण तेच विचारतो.” ते यंत्र केव्हाच नाहीसे झाले आहे.

मी बाहेर येऊन जुवारी नदीकडे तोंड करून बसलो. नदीपलीकडे फोंड्याचा मुलूख. आज बोरीच्या पुलावरून मोटारी क्षणात पलीकडे जातात. परंतु फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या काळी ही नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे पोर्तुगीज, पलीकडे आदिलशाही. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात सासष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा लोकांनी आपले देव रातोरात ह्याच नदीपलीकडे नेले. मंगेशी व कवळे येथील देवस्थाने त्याच वेळची. पलीकडे पुराणे वाचली जात. अलीकडे ती जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. आपल्याच धर्माच्या अधिकाऱ्यांनी हे केले, ह्याचा उल्लेख करताना मला संकोच वाटतो. परंतु तो टाळून स्टीफन्स ह्यांच्या ग्रंथाविषयी बोलता येणार नाही. कारण तो ग्रंथ त्याच शांततेतून जन्मला.

स्टीफन्स हे इंग्रज. विल्टशर परगण्यात जन्म, रोम येथे येशूसंघात प्रवेश, आणि १५७९ सालच्या ऑक्टोबरात, तिशीच्या सुमारास, लिस्बनहून निघालेल्या जहाजातून ते गोव्यास उतरले. पुढील ४० वर्षांचा बहुतेक काळ त्यांनी सासष्टीतील खेड्यापाड्यांत घालविला आणि १६१९ साली त्यांचे निधन झाले. चार वर्षांतच, म्हणजे १५८३ साली, भावाला पाठविलेल्या पत्रात ह्या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे असे त्यांनी लिहून ठेवले. सर विल्यम जोन्स ह्यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृतविषयी हेच प्रतिपादन केले आणि त्यांचे नाव जगभर झाले. खेड्यातल्या ह्या पाद्र्याने ते दोनशे वर्षांपूर्वी घरच्या पत्रात सहज सांगितले होते.

परंतु ग्रंथ लगेच आला नाही. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे गोव्यास आल्यानंतर ३७ वर्षांनी, स्टीफन्स सत्तरीकडे झुकले असताना. (इंग्लंडात शेक्सपिअर वारला तेच साल.) एवढी वर्षे का लागली असावीत, ह्याचा विचार करीत मी त्या कट्ट्यावर बराच वेळ बसलो होतो.

ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण येऊन पाद्रीगुरूंना विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत ते ठीक. पण मग त्यांच्या जागी दुसरे काही आमच्या हाती का देत नाही? वेळ कशात घालवावयाचा? प्रश्न अगदी घरगुती आहे. त्यात पांडित्य नाही. आमच्या आजींनी पायरीवर मला जे विचारले ते ह्याहून निराळे नव्हते. तो प्रसंग मी पूर्वी अनेकदा वाचला होता. परंतु हे साम्य मला राशोलच्या त्या कट्ट्यावर प्रथम जाणवले.

प्रश्न सोपा, उत्तराच्या वाटेवर अडथळे मात्र पुष्कळ. पहिला अडथळा लिपीचा. स्टीफन्स ह्यांना मराठी ग्रंथ मराठीच्या लिपीतच छापावयाचा होता. मलबारात येशूसंघाने १५७८ सालीच कोल्लम येथे तमिळ अक्षरांत पुस्तक छापले होते. मग येथे का नको? १६०८ साली त्यांनी रोम येथील आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून ही जुनी इच्छा कळविली आणि अडचणही प्रामाणिकपणे सांगितली. रोमन लिपीस २४ अक्षरांचे साचे पुरतात. येथे सुमारे ६०० साचे पाडावे लागतील. ज्याने मुलांना बाराखडी शिकविली आहे त्याला हा हिशेब सहज पटेल. एकट्या ‘क’चे काना, मात्रा, वेलांटी, उकार मिळून डझनभर साचे, त्यावर क्य, क्र, क्ल, क्ष अशी जोडाक्षरे, आणि हेच प्रत्येक व्यंजनाचे. शिवाय वरिष्ठांची आज्ञा झाल्यावाचून असा खर्च कोण करणार?

साचे झाले नाहीत. स्टीफन्स थांबले मात्र नाहीत. त्यांनी मराठी ग्रंथ रोमन अक्षरांत छापला. आता रोमन लिपीत ‘ट’ कसा लिहावयाचा? ‘ण’ आणि ‘ळ’ कसे? त्यांनी युक्ती योजिली: तेच अक्षर दोनदा लिहावयाचे. ‘त’साठी एक ‘टी’, ‘ट’साठी दोन. गोव्यातील अनेक घरांत आजही कोकणी प्रार्थनापुस्तके रोमन लिपीत वाचली जातात. त्या रूढीचे मूळ अशा छापील पुस्तकांत आहे. जो पर्याय नाइलाजाने पत्करला, तो पुढे एका समाजाची लिपी होऊन बसला.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि माझ्या वहीचा संबंध ह्याच्याशी होता. स्टीफन्स ह्यांना जुन्या मराठी कवींची भाषा चांगली अवगत होती. ओवीवर त्यांची हुकमत अशी की, वाचताना हा परदेशी मनुष्य आहे हे आपण विसरतो. त्यांनी आरंभी केलेली मराठीची स्तुती तर शाळेच्या पुस्तकांतूनही अनेकांनी वाचली असेल. असा मनुष्य विद्वानांसाठी लिहू शकला असता. परंतु ग्रंथाच्या पोर्तुगीज प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की, हे काव्य मराठीत आहे, पण प्राचीन कवींचे पुष्कळसे दुर्बोध शब्द मी सोडून दिले आणि येथील लोकांच्या बोलीतील सोपे, नित्याचे शब्द मिसळले, म्हणजे सर्वांना कळावे.

सोडून दिले! वाचकहो, ज्याने कधी चार ओळी रचल्या असतील त्यालाच ह्या दोन शब्दांची किंमत कळेल. परक्या भाषेतील अवघड शब्द वर्षानुवर्षे कष्ट करून मिळवावयाचे, आणि मिळाल्यावर ते बाजूस ठेवावयाचे. मी तर माझ्या १७ ओव्यांत सेमिनरीत मिळविलेला एकही अलंकार वाया जाऊ दिला नव्हता. पिशवीतून वही काढून मी वाचून पाहिली. ‘प्रस्वेद’ होता, ‘रक्तबिंदू’ होते, ‘निशीथ’ होता. आजी कोठेच नव्हत्या.

ग्रंथाचे पुढे काय झाले, तेही थोडक्यात सांगतो. त्यात एकंदर १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या पुराणात ४,१८१ आणि दुसऱ्यात ६,७८१. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकभाषेविरुद्ध हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज कोणास ठाऊक नाही. वाचला तो हस्तलिखितांत, विशेषतः मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत, जेथे पिढ्यान्पिढ्या तो गाइला जाई. त्या प्रतींवरून जोसेफ सालदान्हा ह्यांनी १९०७ साली मंगळुरास तो छापला, तोही रोमन लिपीत. लंडन येथे मार्सडेन ह्यांच्या संग्रहात मात्र एक देवनागरी हस्तलिखित सापडले. आणि अखेर १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू ह्यांनी तो देवनागरीत छापून प्रसिद्ध केला. जे साचे मिळावेत म्हणून १६०८ साली रोमला पत्र गेले होते, त्या अक्षरांत ग्रंथ छापला जाण्यास ३४८ वर्षे लागली.

दुपारची घंटा झाली. विद्यार्थी ओसरीतून प्रार्थनेस निघाले. त्यांच्यात सामील होऊन मी देवदूताची प्रार्थना म्हटली आणि मडगावची बस पकडली. लोंढ्याकडे येणाऱ्या गाडीत, दूधसागराच्या आसपास, वहीतील १७ पैकी १४ ओव्यांवर मी रेघ मारली. हात जड झाला होता, हे कबूल करतो. त्यांतील दोन तर मला अजूनही आवडतात.

परत आल्यावर त्याच आठवड्यात आजींकडे गेलो. त्या पडवीत शेंगा सोलीत बसल्या होत्या. आता त्यांना डोळ्यांनी फारसे दिसत नाही. माझ्या आवाजावरूनच त्यांनी ओळखले. मी म्हणालो, “आजी, गाणे अडले आहे. बागेत प्रभूला घाम फुटतो, तेथे.” मग माझी ओळ वाचून दाखविली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. म्हणाल्या, “प्रस्वेद म्हंजी काय वो, फादर?”

“घाम, आजी.”

“मग घाम म्हना की. आनि रगत म्हना. आमचं रगतच असतंय.”

त्यानंतर तासभर आम्ही दोघे त्या एका ओवीवर बसलो. आजी शेंगा सोलीत हाताने ताल धरीत, शब्द जड झाला की मान हलवीत. शेवटी जी ठरली ती अशी:

गळे घाम रगताचा, भिजे बागेतली माती,
निजले सोबती सारे, जागी एकली गं राती.

दुसऱ्या ओळीतील ‘गं’ आजींचा आहे. तो काढावा असे मी एकदा सुचविले. त्यांनी मानले नाही.

आता दर रविवारी मिस्सानंतर मी त्यांच्या पडवीत जातो. शेजारच्या दोन-तीन बायकाही येऊन बसतात, आणि एखादी शाळकरी मुलगी पाठ झालेली ओवी वहीत उतरून घेते. आजवर ११ ओव्या झाल्या आहेत. मागच्या रविवारी शिपायांनी प्रभूस धरून नेले. पेत्र अंगणात शेकोटीशी येऊन बसला आहे; कोंबडा अद्याप आरवावयाचा आहे.