मागचा क्लॅरिनेटवाला

आमच्या घरात संगीत हा विषय दबक्या आवाजातच निघायचा. अब्बांना गाणी आवडत, पण रेडिओ लावायचा तर आधी दार लोटून घ्यायचे. याचे एक कारण मजहबी होते. ते या पानांच्या वाचकांना समजावून सांगायला नको. दुसरे कारण मात्र अगदी घरातलेच होते. अम्मीचा सख्खा भाऊ बँडवाला होता.

मामूंनी पस्तीस वर्षे क्लॅरिनेट वाजवले. लग्नाच्या वरातीत वाजवले, गणपतीच्या मिरवणुकीत वाजवले, उरुसाच्या संदलमध्येही वाजवले. अंगात सोनेरी झालरीचा लाल कोट आणि पायात झिजलेल्या चपला. ज्या वरातीच्या पुढे ते चालत, त्या लग्नाच्या दस्तरखानावर त्यांना जागा नसे. बँडवाल्यांचे जेवण सर्वांत शेवटी, मंडपाच्या मागे. आम्हा बहिणींची स्थळे पाहताना अम्मी भावाचा व्यवसाय 'खाजगी नोकरी' असा सांगायची. मामूंना ते ठाऊक होते. ते काही बोलत नसत.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि पुनावळ्यात राहते. सकाळी महामार्गाखालच्या भुयारी मार्गाजवळ वाहने अडकली की बस जागची हलत नाही. गेल्या वर्षी माझ्या धाकट्या दिराने फोनमध्ये काही पाश्चात्त्य संगीत भरून दिले. "भाभी, अडकलात की ऐका," म्हणाला. त्यात नॅक्सॉस कंपनीचे, १९९० च्या दशकातले एक रेकॉर्डिंग होते. हेन्रिक विन्याव्स्की या पोलिश संगीतकाराच्या, व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या तीन रचना. वाजवणारा मरात बिसेनगालिएव्ह, साथीला पोलंडच्या राष्ट्रीय रेडिओचा वाद्यवृंद, संचालक अँतोनी वित.

मरात हे नाव वाचून मी थबकले. हा कझाकस्तानचा माणूस. पुढे २००६ साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, त्याच्या संस्थापकांपैकी हा एक आणि त्याचा संगीत संचालकही. सुरुवातीला त्या वाद्यवृंदात कझाकस्तानातून आलेले वादक बरेच होते.

कझाकांचे कोबिझ नावाचे जुने वाद्य आहे. घोड्याच्या केसांच्या तारा आणि घोड्याच्याच केसांचा गज. गजाने तार छेडण्याची कला दहाव्या शतकाच्या सुमारास मध्य आशियातून पसरली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आजच्या कझाकस्तानातल्या फाराबचा म्हणून ओळखला जाणारा अल-फाराबी, आपल्या मदरशांत ज्याचे नाव फलसफ्यासाठी घेतात, त्याने 'किताब अल-मूसीकी अल-कबीर' या ग्रंथात रबाबची चर्चा केली आहे. गजाने वाजणारा रबाब अरबांबरोबर स्पेनला गेला, तिथे त्याचा रेबेक झाला आणि व्हायोलिनच्या पूर्वजांत या रेबेकची गणना होते. गजाला आजही घोड्याचेच केस लावतात. ज्या वाद्याला आपण 'साहेबांचे' म्हणतो, त्याच्या खानदानात आपलेही कोणी आहे तर!

विन्याव्स्की १८३५ साली लुब्लिन शहरात जन्मला. आठव्या वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयात दाखल झाला आणि अकराव्या वर्षी तिथले पहिले पारितोषिक मिळवून बाहेर पडला. पहिला कन्चेर्टो त्याने १८५३ साली लाइपझिगला स्वतः वाजवला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. दुसरा १८६२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये वाजवला. तिसरी रचना गूनोच्या 'फाउस्ट' या ऑपेरातल्या सुरावटींवर बेतलेली आहे. यांपैकी दुसरा कन्चेर्टो जगभर वाजतो. पहिला फार कमी ऐकू येतो. तो वाजवायला विलक्षण अवघड आहे. शिवाय त्यावर शिक्का बसला की हा पोरवयातला, बोटांची करामत दाखवणारा. एकाच बापाचे दोन मुलगे. धाकट्याचे नाव झाले, थोरला घरात राहिला. आमच्या शाळेत अशी भावंडे दर वर्षी येतात.

पण या थोरल्याचा मधला भाग ऐकावा. त्याचे नावच 'प्रेगिएरा', म्हणजे प्रार्थना. पहिल्या भागात एवढी कसरत करून दाखवलेला मुलगा इथे गज सावकाश ओढतो आणि नुसते मागतो. फार थोडा वेळ मागतो. मला तर नमाजनंतर उचललेले हात आठवले.

विन्याव्स्की १८८० साली वारला. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, पण या माणसाच्या वादनाचा एक क्षणही त्यावर उतरला नाही. त्याच्या काळातला तो मोठा वादक, तरी तो कसा वाजवायचा हे आज कोणाला ऐकता येत नाही. उरले फक्त कागदावरचे स्वर. ते कोणीतरी मेहनत घेऊन वाजवावेत, कोणीतरी पैसे घालून टिपून ठेवावेत, तेव्हा पुनावळ्याच्या बसमधल्या बाईपर्यंत पोचतात.

आमच्या शाळेत संगीताचा शिक्षक नाही. मुसळधार पावसाच्या एका दिवशी आठवीची निम्मीच मुले आली होती. मी फोन टेबलावर ठेवला आणि 'प्रार्थना' लावली. मुले आधी हसली, मग गप्प झाली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर 'हाजिर' याखेरीज बोललेली नव्हती, तिने विचारले, "टीचर, ये अकेला क्यूं बजारा?"

"अकेला नहीं," मी म्हटले, "उसके पीछे पचास-साठ लोग हैं."

"फिर वो लोग चुप बैठते क्या?"

"नहीं, धीमे बजाते हैं. इसकी आवाज दबनी नहीं चाहिए ना."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "गुस्सा नहीं आता उनको?"

याचे उत्तर माझ्या बी.एड.च्या कोणत्याही पेपरात नव्हते. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा आठवीनंतर सुटली होती, पुढची शाळा लांब म्हणून. हिच्याही घरी तेच बोलणे चालू होते.

तो प्रश्न घेऊन मी मामूंकडे गेले. ते आता देहूरोडला मुलाकडे असतात. बोटे आखडली आहेत. मी दुसरा कन्चेर्टो लावला. पहिला भाग संपता संपता व्हायोलिन थांबते आणि क्लॅरिनेट एकट्याने पुढे येते. काही क्षणच. सावकाश वाट काढत ते पुढच्या भागाच्या दारापर्यंत येते आणि तिथे सूर व्हायोलिनच्या हाती देऊन मागे सरते. मामू एकदम ताठ बसले.

"ये कौन है?"

मी फोन पाहिला. संगीतकाराचे नाव होते, व्हायोलिनवाल्याचे होते, संचालकाचे होते. क्लॅरिनेटवाल्याचे नव्हते.

"मालूम था," मामू म्हणाले. "पर सांस अच्छी है उसकी."

मी त्यांना मुलीचा प्रश्न सांगितला. ते हसले. "गुस्सा कैसा? दूल्हे को घोडे पे बिठाने कू भी चार लोग लगते. पर बेटा, खाना तो साथ में खिलाना."

आपल्याकडेही हेच झाले. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला, आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना जोडणाऱ्या रचना लिहिल्या. त्यांचे शिष्य प्यारेलाल. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्याने गुरूचे नाव घराघरांत पोचले. २०१२ साली ते गेले. नाव सर्वांच्या ओठांवर आहे, पण त्यांच्या रचना आपल्यापैकी किती जणांनी ऐकल्या?

आणि मामूंचे तर कागदावरही काही नाही. त्यांची सारी विद्या श्वासात आणि बोटांत.

मी म्हटले, "मामू, वाजवा, मी टिपून घेते." मामेभावाला ते पसंत नव्हते. त्याने आता दाढी राखली आहे, मुलांसमोर हे नको म्हणाला. मी वाद घातला नाही. भाभीने मात्र मुले शेजारी पाठवली आणि स्वयंपाकघराचे दार आतून लावून घेतले. मामूंनी पेटी उघडली. पट्टी जुनी होती, ती ओली करायलाच वेळ गेला.

अडीच मिनिटांचे रेकॉर्डिंग झाले. त्यात मध्येच कुकरची शिट्टी आहे. फोनने नाव विचारले तेव्हा मी मामूंचे पूर्ण नाव, वाद्याचे नाव आणि तारीख लिहिली.

मामूंनी ते डोळे मिटून ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "बीच में सांस टूटी," ते म्हणाले. "मिटा दे. फिर से लेंगे."

फिरसे घेतले. पहिलेही मी पुसलेले नाही.