आण्याचं तिकीट

रविवार, ९ जून २०२४. वाई

वाडा ऑगस्टच्या आत रिकामा करून द्यायचाय. दादानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक अंगणात आणून ठेवली. म्हणाला, "तुझी तिकिटं असतील ती काढून घे, बाकीचं सोमवारी रद्दीत." वरती लग्नपत्रिका, खाली सातबाऱ्याचे जुने उतारे आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेला एक गठ्ठा. सुतळी सोडली तर विम्याचे कागद! चार पॉलिसी, आणि तारेला ओवलेल्या हप्त्याच्या पावत्या. तार गंजून पावत्यांना मधोमध तांबडं भोक पडलंय. मी गठ्ठा तसाच पिशवीत घातला आणि संध्याकाळच्या एसटीनं साताऱ्याला परत आले. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सोमवार, १० जून

सकाळपासून जेवणाचं टेबल अडवून बसले आहे. नोंद करून ठेवते.

पहिला कागद आजोबांचा, १९३८ सालचा, आमच्याच गावातल्या वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनीचा. १९१३ साली साताऱ्यात सुरू झालेली, अण्णासाहेब चिरमुल्यांची कंपनी. दुसरा नानांचा, १९५१ चा. तिसरा चुलत आजोबांच्या भुसार दुकानाचा आगीचा विमा, १९५८ चा. चौथा आबाकाकांचा, आयुर्विमा महामंडळाचा, तारीख १२ जानेवारी १९५७.

पहिल्या तिन्हींवर मुद्रांकाची तिकिटं जागच्या जागी आहेत. चौथ्यावर नाही. तिकिटाच्या जागी फिकट चौकोन आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जांभळ्या सहीचे तुटके शेंडे. कुणीतरी काढून नेलंय. गेली वीस वर्षं मी ज्या तारखेचा कागद शोधतेय, नेमकं त्याच तारखेचं तिकीट नसावं! दुपारी जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ जून

आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसी घरोघरी का सापडत नाहीत, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. मुदत पुरी झाली की मूळ कागद ऑफिसात जमा करावा लागतो, तेव्हा पैसे हातात पडतात. माणूस गेला तरी तेच; वारसाला कागद द्यावा लागतो. म्हणजे जो विमा सुरळीत पार पडला, त्याचा कागद घरात उरत नाही. ट्रंकेच्या तळाशी राहतात ते बहुतेक हप्ते थकून बंद पडलेल्या पॉलिसींचे कागद.

आमचेही तसेच. आजोबांच्या पावत्या १९४२ पर्यंत आहेत, नानांच्या जेमतेम दोन वर्षांच्या. आबाकाकांची शेवटची पावती जून १९५९ ची. त्यानंतर तारेवर काही नाही. त्या वर्षी काका मुंबईहून परत आले होते, एवढं आईच्या तोंडून ऐकलंय. आगीचा विमा मात्र वर्षाचा, वर्ष सरलं की कागदाला किंमत नाही, म्हणून तो घरातच राहिला.

आजोबांच्या तिमाही पावत्यांवर तिकीट नाही, पण एका पावतीवर एक आण्याचं आहे. आधी वाटलं, बाकीची गळून पडली असतील. मग रकमा पाहिल्या. हप्ता अकरा रुपये काही आणे. तेव्हा वीस रुपयांवरच्या पावतीलाच एक आण्याचं तिकीट लागायचं. ज्या पावतीवर तिकीट आहे, ती दोन थकलेले हप्ते एकदम भरल्याची, बावीस रुपयांची! एका आण्याच्या तिकिटानं आजोबांची त्या वर्षीची ओढाताण मला दाखवली. पीक हाती आल्यावर भरले असणार.

बुधवार, १२ जून

शेजारच्या वहिनी चहाला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ही पोस्टाची नाहीत ना? मग ओळखायची कशी?" मनापासून विचारत होत्या, म्हणून मीही सविस्तर सांगितलं. तेच इथे लिहून ठेवते.

आधी तिकिटावरचा शब्द वाचायचा. पावतीवरचं साधं रेव्हेन्यू तिकीट वेगळं, विम्याचं वेगळं. त्याच्यावर 'इन्शुरन्स' असा शब्दच असतो. शेअर हस्तांतराचं, नोटरीचं, परदेशी हुंडीचं अशी त्याची भावंडं आहेत, प्रत्येकावर आपापल्या कामाचं नाव. हिंदीत 'बीमा', आपल्याकडे 'विमा'. शब्द मूळचा फारसी. 'बीम' म्हणजे भीती. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भीतीचं तिकीट!" मला ते आवडलं.

मग चित्र. नानांच्या पॉलिसीवर सहाव्या जॉर्जचं डोकं आहे. देश प्रजासत्ताक होऊन वर्ष उलटलं होतं, तरी छापून ठेवलेला माल वापरून संपवत होते. म्हणून चित्रावरून साल सांगायला जाऊ नये, फसायला होतं.

त्यापेक्षा नाण्याचं नाव भरवशाचं. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे; त्यानंतर शंभर 'नये पैसे'. १ जून १९६४ पासून त्यातला 'नये' गेला आणि नुसते पैसे उरले. चुलत आजोबांच्या आगीच्या विम्यावर नये पैसे आहेत, कंपनी मात्र खासगी. ते बरोबरच आहे. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं ते आयुर्विम्याचं. आग, समुद्र, अपघात यांच्या कंपन्या १ जानेवारी १९७३ ला सरकारी झाल्या.

आता मी वीस वर्षं ज्यांतला कागद शोधतेय, ते सात महिने. १९ जानेवारी १९५६ ला वटहुकूम निघाला, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी त्या रात्री रेडिओवरून देशाला सांगितलं. देशी-परदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला महामंडळ उभं राहिलं. आणे गेले १ एप्रिल १९५७ ला. मधले महिने सात. महामंडळाची पॉलिसी आणि तिच्यावर आण्यांतलं तिकीट, दोन्ही आपापल्या अमलात असताना एका कागदावर आलेली, ती याच सात महिन्यांतली. जुने आणे पुढेही काही काळ चालत होते, तेव्हा एप्रिलनंतर कुणी उरलेलं तिकीट चिकटवलं असेलही. पण जानेवारी १९५७ ची तारीख असली की वादच नको.

वहिनींनी चौथा कागद हातात घेतला, फिकट चौकोनावरून बोट फिरवलं आणि काही न बोलता परत दिला.

शनिवार, १५ जून

पाऊस. तिकिटांना ही हवा सोसत नाही. डिंक सुटतो, कडा वळतात. सगळे कागद बटर पेपरमध्ये घालून कपाटात वरच्या खणात ठेवले.

आज एक लिहायचंच आहे. पाठीमागचं जलचिन्ह पाहिल्याशिवाय तिकीट पुरतं ओळखता येत नाही असं जाणकार म्हणतात, आणि ते खरं आहे. पाचव्या जॉर्जच्या आण्याच्या तिकिटाचंच बघा. टपाल आणि महसूल दोन्हींना चालणारं ते तिकीट लंडनच्या डी ला रू कंपनीत छापलेलं असेल तर कागदात एकच तारा दिसतो. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमधलं, १९२६ नंतरचं असेल तर ताऱ्यांची रांगच. काळ्या बशीत तिकीट पालथं घालून वर बेंझिनचे दोन थेंब टाकले की तारे वर येतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा अंगावर काटा आला होता. नाशिकचे तारे!

पण सुटं तिकीट असेल तरच हे जमतं. कागदावर चिकटलेल्याचं जलचिन्ह पाहायचं तर ते भिजवून सोडवावं लागतं. ते मी करत नाही. कायद्यानं तिकिटावर आडवी सही आणि खरी तारीख टाकून ते रद्द करावं लागतं. रद्द केलं नाही तर तो कागद बिनतिकिटाचा धरतात. ती सही अर्धी तिकिटावर, अर्धी कागदावर असते. तिकीट काढलं की सहीचे तुकडे होतात. रक्कम, नाव, गाव, वारसाच्या नावाचा रकाना सगळं कागदाबरोबर मागे राहतं आणि हातात उरतो रंगीत चौकोन. अल्बममध्ये तो छान दिसतो, पण तो कोणाचा होता ते मग कुणालाच सांगता येत नाही. एका तिकिटाचं जलचिन्ह मला आयुष्यभर कळलं नाही तरी चालेल.

शुक्रवार, २१ जून. वटपौर्णिमा

वडाला जाऊन आले. दुपारी माझीच चालू पॉलिसी काढून पाहिली. पाच लाखांची. आजचा दर हजारी वीस पैसे, म्हणजे शंभर रुपये मुद्रांक. तिकीट कुठेच नाही. एकत्रित मुद्रांक शुल्क भरल्याची एक ओळ छापली आहे. दर दिल्ली ठरवते आणि पैसा राज्याला जातो, ते घटनेपासून तसंच आहे. चिकटवायचं काम तेवढं संपलं. हे काम करणाऱ्या कारकुनांचे अंगठे डिंकानं पिवळे व्हायचे, असं नाना सांगायचे.

बुधवार, २६ जून. पुणे

भाचीकडे आले होते, म्हणून जुन्या बाजाराला गेले. एकाकडे विम्याच्या तिकिटांचे अख्खे ताव होते. कोरे, करकरीत, नव्वदच्या दशकातले. "ताई, पूर्ण शीट, स्वस्तात देतो." हातात घेतले आणि परत ठेवले.

तेलगीचं प्रकरण मी विसरलेले नाही. अब्दुल करीम तेलगी २००१ मध्ये पकडला गेला. लोकांच्या लक्षात स्टँपपेपर राहिला, पण त्याच्या बनावट मालात विम्याची आणि शेअर हस्तांतराची तिकिटंही होती. त्या काळातला कोरा ताव कुठून आला हे कळत नसेल तर त्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तो खोटाच असेल असं नाही. पण वापरलेल्या तिकिटाला सही, तारीख, कागद असे तीन साक्षीदार असतात. कोऱ्याला एकही नाही.

बाजारातून रिकाम्या हातानं परतले. मन मात्र चौथ्या कागदापाशीच होतं.

रविवार, ३० जून. वाई

दादाला सहज विचारलं, "आबाकाकांच्या पॉलिसीवरचं तिकीट कुणी काढलं असेल रे?"

तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "तूच की. पाचवी-सहावीत होतीस. परसात घंगाळात भिजत घातलेलंस. काकाच म्हणाला होता, काढ, आता काय उपयोग त्या कागदाचा. पाणी सगळं जांभळं झालं होतं, तू रडायला लागलीस."

मला जांभळं पाणी आठवतं. नेहमी आठवत आलंय. ते कशाचं होतं, हे आजवर आठवत नव्हतं.

मंगळवार, २ जुलै. सातारा

माझा पहिला अल्बम काढला. काड्यापेटीच्या चित्रांचा आणि तिकिटांचा एकत्र. शेवटच्या पानावर भाताच्या शितानं चिकटवलेली आण्यांची चार विम्याची तिकिटं. चारही पुसट, शाईचा मागमूस नाही.

मग लक्षात आलं, कागदावरचे शेंडे टाकाचे नाहीत. शाई पसरलेली नाही, रेघ दबलेली आहे. ही जांभळी कॉपिंग पेन्सिल. तिचा रंग पाण्यात जातो, पण दाबून लिहिलं तर खाच राहते. दिवे घालवले आणि बॅटरी टेबलाला टेकवून उजेड आडवा पाडला. पहिल्या तिकिटावर काही नाही. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावर एक वळण उमटलं. खालून वर जाणारी रेघ, मग एक आकडा, मग दुसरा. १२. एक आडवी रेघ. १. आणखी एक रेघ, आणि तिकिटाची कड.

फिकट चौकोनाच्या उजवीकडे कागदावर जांभळं ५७ आहे.

चिमट्यानं तिकीट उचलून चौकोनावर ठेवलं. कडेची भोकं चौकोनाच्या रेषेवर बरोबर बसली. बॅटरी हलवली तशी सहीची खाच कागदावरच्या डाव्या शेंड्यातून निघाली, तिकिटावरून गेली आणि ५७ ला जाऊन मिळाली.

बुधवार, ३ जुलै

तिकीट चिकटवलं नाही. लावणारे हात माझे नव्हते. पारदर्शक पाकिटात कागद ठेवला, त्याच्या वरच्या खिशात तिकीट, आणि शेवटची जून १९५९ ची पावती मागे. पाकिटावर पेन्सिलीनं काकांचं नाव लिहिलं, पॉलिसीचा नंबर लिहिला. तिकीट कोणी काढलं, तेही लिहिलं.

दादाला फोन केला. ट्रंक रद्दीत देऊ नकोस म्हटलं. तो म्हणाला, "रिकामी ट्रंक काय करणार?" म्हटलं, राहू दे, मी शनिवारी येऊन नेते.